वनौषधींच्या बागेतील स्थलांतरित फुलपाखरे

वनौषधींची बाग लावताना आपण मूळ, पत्र, पुष्प आणि फल यांचा विचार करतो. त्या बागेत उतरणाऱ्या पाहुण्यांचा सहसा करीत नाही. दक्षिण भारतात ब्लू टायगर, डार्क ब्लू टायगर, कॉमन क्रो इत्यादी फुलपाखरे पावसाच्या चक्रानुसार स्थलांतर करतात. नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या आगमनाच्या सुमारास ती पश्चिम घाटातून पूर्वेकडे जातात. तेथे नवी पिढी जन्मास येते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा प्रवास सुरू होतो. ही फुलपाखरे महाराष्ट्रातील बागांतही आढळतात.

त्यांची ओळख अवघड नाही. ब्लू टायगरच्या काळसर पंखांवर फिकट निळे, अर्धपारदर्शक ठिपके व पट्टे असतात. कॉमन क्रो गडद तपकिरी असून त्याच्या पंखांच्या कडेने पांढरे ठिपके दिसतात. एरवी फुलपाखरू फुलांभोवती घुटमळते. स्थलांतर करणारी मात्र एकामागून एक, एकाच दिशेने जाताना दिसतात.

वैद्यांच्या बागेत त्यांना आश्रय मिळतो, तो आपल्याच वनस्पतींमुळे. कॉमन क्रोच्या अळ्या अनंतमुळाची, तर ब्लू टायगरच्या अळ्या हिरणदोडीची पाने खातात. प्रौढ नर खुळखुळा आणि भुरुंडी यांच्या वाळलेल्या वा दुखावलेल्या भागांवर गर्दी करतात. तेथे त्यांना मध नव्हे, तर पायरोलिझिडीन वर्गातील अल्कलॉइड हवे असतात. त्यांपासून नर मादीस आकर्षित करणारा गंध तयार करतात. शिवाय या द्रव्यांमुळे पक्षी त्यांना खाण्याचे टाळतात.

फुलपाखराला जे संरक्षण, ते मनुष्याच्या यकृताला मात्र विष ठरते. १९७० च्या दशकात तेव्हाच्या मध्य प्रदेशातील, आताच्या छत्तीसगडमधील सरगुजा भागात गोंदली या धान्यात खुळखुळ्याच्या जातीचे बी मिसळले गेले. ते खाण्यात आल्याने यकृतातील सूक्ष्म शिरा अवरुद्ध होऊन अनेकांना जलोदर झाला व काही दगावले. म्हणूनच फुलपाखरांची ही गर्दी आम्हांस केवळ शोभेची वाटत नाही. युक्तीवाचून योजलेले द्रव्य घातक होते, हे वैद्यवर्गास सांगावयास नको. परंतु घरगुती काढे घेणाऱ्या रुग्णास यकृतविकार आढळल्यास कोणती वनस्पती पोटात गेली, हे अवश्य विचारावे.

बागेच्या बाबतीत आमची विनंती साधी आहे. अनंतमुळाची चार पाने कुरतडलेली दिसताच कीटकनाशक फवारू नये. त्या अळ्यांतूनच पुढचे प्रवासी घडतात. मुळे काढताना सगळे वेल उपटू नयेत. खुळखुळ्याच्या काही वाळक्या फांद्या राहू द्याव्यात, मात्र त्यांचे बी धान्य व औषधी साठ्यापासून दूर ठेवावे. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिनांक, उड्डाणाची दिशा व अंदाजे संख्या वहीत टिपावी. द्रव्यगुणाचा अभ्यास ग्रंथाइतकाच बागेतही होतो.