पियानो वाजवते कोण? हवा!

संगीत नाटकातील ऑर्गनवादक पायांनी भाता हलवतो आणि बोटांनी पट्ट्या दाबतो. अमेरिकेत १८९५ साली एडविन व्होटी यांनी ‘पियानोला’ तयार केला. त्यातून पुढे आलेल्या स्वयंवादक पियानोत मात्र बोटांचे काम भोके पाडलेला कागद करतो. हा कागद ८८ स्वरांची ८८ छिद्रे असलेल्या पट्टीवरून सरकतो. वादक फक्त दोन पेडल मारतो.

पेडलमुळे भाते आतील हवा ओढून बाहेर टाकतात व आतला दाब कमी होतो. कागदाचे भोक छिद्रावर आले की थोडी हवा आत शिरून एक झडप उचलते. त्यामुळे त्या स्वराच्या छोट्या भात्यातील हवा शोषली जाते, बाहेरची हवा त्याला चेपते आणि हातोडी तारेवर आपटते.

हा जोर किती? यू-नळीत पाण्याच्या पातळ्यांत १५ सेंमी. फरक पडला, तर दर चौ. सेंमी.वर १५ ग्रॅम वजनाइतका जोर पडतो. भात्याचे क्षेत्रफळ ३० चौ. सेंमी. धरल्यास एकूण ४५० ग्रॅम! फरक ४५ सेंमी. झाला की जोर तिप्पट आणि स्वर मोठा. तरीही हा दाब वातावरणाच्या दाबाच्या (सुमारे १०३३ सेंमी. पाणी) विसाव्या हिश्शाहूनही कमी आहे.

आता पेडल जुळवू या. प्रथम कोऱ्या कागदाने सर्व छिद्रे झाका, पेडल मारा आणि थांबा. मिटलेला साठ्याचा भाता लगेच उघडला, तर कोठेतरी गळती आहे. अशा वेळी पेडल हलकी लागतात, पण हा हलकेपणा गुण नव्हे, दोष होय! मग दोन्ही पेडलांचे पट्टे व स्प्रिंगा अशा जुळवाव्यात की दोन्ही पायांचे शोषण सारखे राहील.

शेवटी गती तपासा. काटा ७० वर ठेवल्यास कागद मिनिटाला ७ फूट, म्हणजे सुमारे २१३ सेंमी. सरकला पाहिजे. पेडल हळू मारा वा जोरात, हे अंतर बदलता कामा नये. त्यासाठी कागद ओढणाऱ्या हवा-मोटारीला वेगळा नियंत्रक असतो. तो बिघडला, तर मोठ्याने वाजवताच गाणे पळू लागेल!

घरी पारदर्शक नळी यू आकारात बांधून तीत रंगीत पाणी भरा. एका टोकाने हळूच हवा ओढा. पातळ्यांत १५ सेंमी. फरक पडला? मग मंद स्वर वाजवण्याइतके शोषण तुमच्या तोंडातच आहे!