आदिमानव वेरूळच्या लेण्यांत राहत नव्हता

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात आमच्याकडे पाहुणे आले की वेरूळची फेरी ठरलेली असते. परतल्यावर कुणीतरी विचारतंच, "आदिमानव राहायचा ना तिथे?" चांगले शिकलेले लोक हे विचारतात तेव्हा राग येतो. दोष बराचसा प्रदर्शनांतल्या पुतळ्यांचा आहे. गुहेचं तोंड, कातडं गुंडाळलेला माणूस, पुढ्यात शेकोटी. ते पाहून मुलं गुहा आणि आदिमानव यांची कायमची जोडी लावून टाकतात.

लेणी नैसर्गिक गुहा नाहीत. बेसॉल्टचा कडा छिन्नीने फोडून ती कोरली आहेत. अजिंठ्यातली सर्वात जुनी लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातली, तर वेरूळचं कैलास आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांचं. अजिंठ्याचं २४ क्रमांकाचं लेणं अर्धवट राहिलंय; खोदकाम कसं चालायचं ते तिथे उभं राहून पाहता येतं. हे लोखंडी हत्यारांचं काम आहे. आदिमानवाकडे लोखंड नव्हतं.

मग तो राहायचा कुठे? उत्तर नेवाशाला आहे. तिथे ह. धी. सांकलियांनी १९५४ ते १९५६ मध्ये उत्खनन केलं. पुढे साठच्या दशकात गुडरून कॉर्व्हिनस यांनी जवळच चिरकीला केलं. प्रवरेकाठच्या थरांत दगडी हातकुऱ्हाडी निघाल्या, काही लाख वर्षांपूर्वीच्या. म्हणजे माणूस नदीच्या आसऱ्याने, उघड्यावर वावरत होता: पाणी तिथे, शिकार तिथे, हत्याराचा दगडही तिथेच. दख्खनच्या बेसॉल्टात मोठ्या नैसर्गिक गुहा मुळातच क्वचित. भीमबेटकाला त्याने खडकांचा आडोसा घेतला हे खरं, पण तो वालुकाश्माचा प्रदेश. युरोपात चुनखडीच्या गुहांनी हाडं आणि राख जपली, म्हणून गुहेतला माणूस जगभर गाजला आणि आपल्या शिल्पकारांनीही तोच उचलला.

प्रदर्शनांतल्या त्या पुतळ्यांचं वाकून उभं राहणंही चुकीचं. १९०८ साली फ्रान्समध्ये सापडलेल्या निअँडरथल सांगाड्यावरून ते रूढ झालं. तो माणूस संधिवाताने जखडलेला होता, हे १९५७ मध्ये स्ट्रॉस आणि केव्ह यांनी दाखवलं. पुतळ्याशेजारी डायनासोर तर नकोच, ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपले. आणि आपण आजच्या माकडांचे वंशज नाही. त्यांचे आपले पूर्वज सामाईक, एवढंच.

अश्मयुगातला माणूस दाखवताना त्याच्या हातात नुसता सोटा देऊ नका. चाळीसगावजवळ पाटणे इथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळालेत, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे. ते घडवणाऱ्या माणसाचा पुतळा करा, आणि त्याला नदीकाठी बसवा.