विश्लेषण : हातावर टॅटू असेल तर नोकरी हुकते का?

लेखी परीक्षा झाली, धावण्याची चाचणी झाली, छाती-उंची मोजून झाली आणि वैद्यकीय तपासणीत शेरा आला, ‘अपात्र’. कारण, उजव्या हातावरचे गोंदण. केंद्रीय सुरक्षा दलांच्या भरतीत अशी प्रकरणे घडतात आणि त्यातील काही थेट उच्च न्यायालयापर्यंत जातात. दुसरीकडे पुण्या-मुंबईच्या आयटी कार्यालयांत मनगटावरचा टॅटू आता कोणाला फारसा वावगा वाटत नाही. मग टॅटूमुळे नोकरी खरेच जाते का, आणि जाते तर कोणती?

सर्वच सरकारी नोकऱ्यांत बंदी आहे का?

नाही. ‘टॅटू असेल तर या दहा नोकऱ्या विसरा’ अशा याद्या समाजमाध्यमांवर फिरत असतात. त्यात आयएएसपासून बँकेपर्यंत सगळे असते. मात्र यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेच्या नियमांत टॅटूवर सरसकट बंदी नाही. अडचण प्रामुख्याने गणवेशाच्या नोकऱ्यांत येते. त्यात लष्कर, हवाई दल, नौदल, केंद्रीय सशस्त्र पोलीस दले आणि काही राज्यांची पोलीस दले येतात. तिथेही टॅटू आहे की नाही यापेक्षा तो कुठे आहे, केवढा आहे आणि कशाचा आहे, हे पाहिले जाते.

निमलष्करी दलांचा नियम काय सांगतो?

बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ आदी दलांच्या शिपाई भरतीच्या अधिसूचनेत टॅटूबाबत तीन अटी असतात. पहिली अट मजकुराची. नाव किंवा धार्मिक चिन्ह, देवतेचे चित्र चालते. देश धर्मनिरपेक्ष असल्याने नागरिकांच्या धार्मिक भावनांचा आदर राखायला हवा, असे कारण त्यासाठी दिले आहे. दुसरी अट जागेची. डाव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू किंवा पंजाची मागची बाजू, एवढीच मुभा आहे. तिसरी अट आकाराची. त्या अवयवाच्या एक चतुर्थांशापेक्षा टॅटू लहान हवा.

डावाच हात का? कारण सॅल्यूट उजव्या हाताने केला जातो. सलामी देणाऱ्या हातावर कोणतीही खूण दिसू नये, असा यामागचा संकेत आहे.

लष्करात नियम वेगळा आहे का?

हो, आणि इथेच गोंधळ होतो. लष्कराच्या अग्निवीर भरतीच्या अधिसूचनेत दोन्ही हातांच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला टॅटू चालतो. डावा-उजवा असा भेद तिथे नाही. म्हणजे उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला ‘आई’ गोंदलेला मुलगा लष्करासाठी पात्र ठरू शकतो, पण तोच सीआरपीएफमध्ये अपात्र ठरतो. परंपरेने चेहऱ्यावर किंवा अंगावर गोंदणाऱ्या आदिवासी समाजांना लष्कराने सवलत दिली आहे.

न्यायालयांनी काय भूमिका घेतली?

निकाल दोन्ही बाजूंनी लागले आहेत. सोलापूरच्या एका तरुणाला सीआयएसएफने उजव्या हातावरील धार्मिक चिन्हाच्या गोंदणामुळे अपात्र ठरवले होते. त्याने शस्त्रक्रिया करून ते बरेचसे काढूनही टाकले होते. 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. धार्मिक चिन्हाच्या गोंदणाला लष्कर सवलत देते, हा मुद्दा त्यात महत्त्वाचा ठरला. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र हातावरील टॅटूमुळे एका उमेदवाराची नियुक्ती रद्द करण्याचा हवाई दलाचा निर्णय कायम ठेवला, कारण टॅटू जाहिरातीत दिलेल्या सवलतींत बसत नव्हता. 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेच उजव्या हातावरील टॅटू काढण्याची तयारी दाखवणाऱ्या उमेदवाराला नव्या वैद्यकीय मंडळापुढे जाण्याची मुभा दिली.

नोकरीत असणाऱ्यांनाही धोका आहे. 2024 मध्ये ओडिशा पोलिसांच्या विशेष सुरक्षा बटालियनने आपल्या जवानांना गणवेशात दिसणारे टॅटू 15 दिवसांत काढण्याचे आदेश दिले होते.

फटका कोणाला बसतो?

स्टुडिओत हजारो रुपये मोजून टॅटू काढणारा सहसा विचार करून जागा निवडतो. जत्रेत तसे होत नाही. बॅटरीवरच्या मशीनसमोर बसलेला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा जो हात पुढे येईल त्यावर नाव, त्रिशूळ किंवा बदाम गोंदवून घेतो. कित्येक घरांत आजीच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण असते. त्यामुळे त्यात कोणाला काही गैरही वाटत नाही. पुढे तोच मुलगा भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावू लागतो. निमलष्करी दलांत शिपाईपदासाठी खुल्या गटाची वयोमर्यादा 23 वर्षे आहे आणि वैद्यकीय तपासणी शेवटच्या टप्प्यात होते. म्हणजे लेखी परीक्षा व मैदान गाजवल्यानंतर कळते की हात चुकला. नियम कडक आहेच, पण तो माहीत नसण्याची किंमत त्याहून मोठी आहे.

खासगी क्षेत्रात काय स्थिती आहे?

इथे लिखित नियम कमी आणि अलिखित जास्त. समानतेचे घटनात्मक हक्क प्रामुख्याने सरकारविरुद्ध बजावता येतात. टॅटूमुळे खासगी कंपनीने नोकरी नाकारली तर दाद मागण्यासाठी वेगळा कायदा नाही. त्यामुळे सगळे कंपनीच्या धोरणावर ठरते. जिथे ग्राहक समोर असतो, तिथे आग्रह जास्त असतो. विमान कंपन्यांच्या केबिन क्रू भरतीत गणवेशाबाहेर दिसणारा टॅटू नको, अशी अट सर्रास असते. पडद्यामागच्या कामात सहसा कोणी विचारत नाही, तरीही मुलाखतीला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून जाणारे कमी नाहीत.

परदेशात काय बदलले?

स्टारबक्सने 2014 मध्ये कर्मचाऱ्यांना टॅटू दिसू देण्याची मुभा दिली. एअर न्यूझीलंडने 2019 मध्ये बंदी उठवली. तिथल्या माओरी समाजात टॅटू ही कुळाची ओळख असते आणि त्यामुळे नोकरी नाकारली जाते, अशी टीका होत होती. 2022 मध्ये व्हर्जिन अटलांटिकने केबिन क्रूवरील निर्बंध काढले. भरतीला पुरेसे तरुण मिळत नसताना अमेरिकी लष्करानेही त्याच वर्षी हात आणि मानेवरील टॅटूचे नियम सैल केले. आपल्याकडे एकेका जागेमागे उमेदवारांची रांग आहे. त्यामुळे नियम सैल करण्याचा तसा दबाव इथे नाही.

भरतीची तयारी करणाऱ्यांनी काय करावे?

टॅटू काढण्याआधी ज्या दलात जायचे आहे, त्याची ताजी अधिसूचना वाचावी. गोंदण आधीच असेल आणि ते नियमात बसत नसेल, तर अर्ज भरण्याच्याही आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. लेझर उपचाराला अनेक बैठका लागतात आणि दोन बैठकांत साधारण सहा ते आठ आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते. म्हणजे काम काही महिन्यांचे आहे, वैद्यकीय तपासणीच्या आठवडाभर आधी उरकण्याचे नाही. जत्रेतले काळ्या शाईचे गोंदण रंगीत टॅटूपेक्षा सहसा लवकर फिके पडते, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी बाब. ॲसिड किंवा घरगुती उपाय मात्र करू नयेत. त्वचा भाजून कायमचा व्रण राहू शकतो. अपात्र ठरल्यास फेरतपासणीसाठी मुदतीत अर्ज करता येतो, तो हक्क सोडू नये.

आणि गावातल्या भरती अकादमीने पहिल्या दिवशी उंची आणि छाती मोजतानाच मुलांचे हातही पाहिले, तर पुढची कोर्टकचेरी टळू शकेल.