टेप गातो, सेल्फ गप्प बसतो

ऊसतोड सुरू झाली की साखर कारखान्यांच्या रस्त्यांवर भरल्या ट्रॉल्यांची रांग लागते आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर निराळे गाणे चालू असते. वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत ताटकळत बसायचे, तर चालकाला काहीतरी विरंगुळा हवाच. पूर्वी कॅसेटचा टेप असे. आता पेन ड्राइव्ह आणि ब्लूटूथ आले, पण बोलीत तो अजून टेपच राहिला आहे. त्याच्या जोडीला ॲम्प्लिफायर आणि सीटमागे दोन मोठे स्पीकर बसले, की आठवडाभरात घरोघरी एकच तक्रार ऐकू येते : सकाळी किल्ली फिरवली तर सेल्फ नुसता 'टक्' करतो आणि गप्प बसतो.

मग कोणीतरी सल्ला देतो, "अण्णा, बॅटरी बसली. नवी टाका." काही हजार रुपये मोडून नवी बॅटरी येते आणि महिन्याभरात तीही तशीच बसते. तोडीची टोळी फडात उभी, ट्रॅक्टर दारात उभा, अशा वेळी मनुष्य कावतो आणि बॅटरीच्या दुकानदाराशी भांडतो. पण पुष्कळदा दोष बॅटरीचा नसतोच. तिच्यातली वीज कोणीतरी रात्रभर पीत असते. तो चोर आधी शोधावा, पैसे नंतर खर्चावेत.

बॅटरी म्हणजे पाण्याचा हौद समजा. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर हा हौद भरणारा पंप. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची आणि साधारण ७५ ते १०० अँपिअर-तासांची असते. आता गंमत पाहा. सेल्फ फिरताना दोनशे-तीनशे अँपिअर ओढतो, पण चार-पाच सेकंदच. एका वेळच्या स्टार्टला हौदातले अर्धा अँपिअर-तास पाणीसुद्धा खर्च होत नाही. मात्र ते एकदम जोराने यावे लागते, म्हणून हौदाची पातळी वर हवी. उलट एखादी तोटी बारीक गळत राहिली, समजा फक्त अर्धा अँपिअर, तर दिवसरात्रीत १२ अँपिअर-तास जातात. चार दिवस ट्रॅक्टर उभा राहिला की ४८ गेले. ८० च्या बॅटरीचा निम्म्याहून अधिक हौद रिकामा, आणि सेल्फची 'टक्' सुरू!

ही तोटी टेपच्या जोडणीत गळते. नव्या टेपला बहुधा एक पिवळी आणि एक तांबडी तार असते. पिवळी तार घड्याळ आणि स्टेशनांची आठवण ठेवण्यापुरती सतत बॅटरीवर राहते. तिला लागते ती वीज नगण्य. तांबडी तार मात्र किल्लीवर जायला हवी, म्हणजे किल्ली काढली की टेप खरोखर बंद होतो. घाईत काम करणारा कारागीर दोन्ही तारा एकत्र पिळून थेट बॅटरीला लावून मोकळा होतो. टेप वाजतो, मालक खूश होतो. पण टेप आतून कधीच झोपत नाही. ॲम्प्लिफायरचेही तसेच. त्याला जागे करणारी एक बारीक तार असते, बहुधा निळी. ती टेपच्या निळ्या तारेला जोडायची असते. ती थेट बॅटरीवर टाकली, तर गाणे बंद असूनही ॲम्प्लिफायर रात्रभर जागा राहतो. सकाळी हात लावून पाहावा. कोमट लागला तर चोर सापडलाच म्हणा. तारांचे रंग कंपनीगणिक बदलू शकतात, म्हणून टेपवरचा नकाशा पाहूनच तार धरावी.

चोर नक्की कोणता, हे ठरवण्याची एक जुनी युक्ती आहे. किल्ली काढावी, सर्व दिवे आणि टेप बंद करावेत. बॅटरीच्या वजा टोकाची केबल सोडावी आणि ती केबल व ते टोक यांच्यामध्ये पार्किंगचा छोटा, १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब तारांनी जोडावा. बल्ब अजिबात पेटला नाही, तर मोठी गळती नाही. पेटला, तर कुठेतरी वीज जात आहे. मग ॲम्प्लिफायरचा फ्यूज काढावा, नंतर टेपचा, नंतर ट्रॅक्टरचे एकेक. जो काढल्यावर बल्ब विझेल, त्या वाटेवर दोष. सगळे फ्यूज काढूनही बल्ब पेटलेलाच राहिला, तर अल्टरनेटरमधील डायोड तपासून घ्यावा. तोही उलटी वीज गळू देतो. मल्टिमीटर असेल तर बल्बऐवजी तो १० अँपिअरच्या खाचेत लावून आकडाच वाचता येतो. ०.०५ अँपिअरपर्यंत चिंता नाही. बल्ब किंवा मीटर मध्ये असताना सेल्फ मारू नये, मीटर जळेल.

गळती सापडली नाही तर पंपाकडे वळावे. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर हौद भरलेला आहे. १२.२ म्हणजे निम्मा आणि १२ च्या खाली म्हणजे तळ. आता इंजिन चालू करून थोडी गती द्यावी. मीटर १३.८ ते १४.४ दाखवेल तर अल्टरनेटर काम करतो आहे. १३ च्या वर काटा चढतच नसेल, तर पट्टा ढिला किंवा गुळगुळीत झाला आहे का, टोकांवर पांढरा-हिरवा खार आला आहे का, हे पाहावे. नुसती टोके घासून घट्ट केल्यावर ट्रॅक्टर सुरू होतो, असेही वरचेवर घडते.

आणि तिसरे कारण तर उघडेच आहे, पण ते कोणी कबूल करत नाही. इंजिन बंद ठेवून रांगेत चार तास मोठ्याने गाणी लावली आणि सरासरी १० अँपिअर गेले, तर ४० अँपिअर-तास संपले. यात तारांचा काय दोष? (खोक्यावर 'हजार वॅट' छापलेले असते, त्यावर जाऊ नये. फ्यूज २० अँपिअरचा असेल, तर १२ व्होल्टवर सतत २४० वॅटच्या वर काही येत नाही.)

जोडणी नव्याने करताना एका गोष्टीत काटकसर नको. ॲम्प्लिफायरची तार जाड तांब्याची घ्यावी, हेडलाइटच्या तारेतून फाटा काढू नये, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच बसवावा. ट्रॅक्टर हादरतो, तार पत्र्यावर घासते, वेष्टण सोलवटते. फ्यूज नसेल किंवा पार टेपजवळ असेल, तर ती तार लालबुंद होते. शेजारी कडब्याची गंजी असली की पुढचे सांगायला नको. उडालेल्या फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा किंवा सिगारेटची चांदी लावण्याची सवय याच कारणाने घातक आहे.

बसलेली बॅटरी तशीच पडू देऊ नये. तिच्या पट्ट्यांवर खडे धरतात आणि मग ती खरोखर जाते. ८० अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे ८ अँपिअरने, दहा-बारा तास सावकाश भरून घ्यावी. झाकणांची बॅटरी असेल तर पट्ट्या बुडतील इतपत डिस्टिल्ड पाणी घालावे. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी नको, आणि वरून ॲसिड तर मुळीच नको. भरताना हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको.

अडल्या वेळी शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी जोडायची तर दोन्ही १२ व्होल्टच्याच असाव्यात. मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते. ती जोडली तर टेपही जाईल आणि बरेच काही. आधी तांबडी केबल अधिकला अधिक लावावी. मग काळी केबल चांगल्या बॅटरीच्या वजा टोकाला, आणि तिचे शेवटचे टोक बसलेल्या ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, बॅटरीपासून दूर. म्हणजे ठिणगी उडाली तरी वायूपासून लांब उडते.

पावसाळ्यात ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल, तर वजाची केबल सोडून ठेवावी. टेपची बारीक आठवणसुद्धा महिन्यात बरीच वीज खाते. घड्याळ पुन्हा लावावे लागेल, इतकेच. इतके करूनही भरलेली बॅटरी सेल्फ मारताच ९ व्होल्टच्या बऱ्याच खाली घसरत असेल, तर मात्र तिचे वय झाले. नवी घेताना जुनी दुकानात परत द्यावी, तिच्या शिशाचे पैसे वळते करून मिळतात. घरी फोडून शिसे काढण्याच्या फंदात पडू नये. ॲसिड अंगणात सांडते आणि शिशाची धूळ मुलांच्या पोटात जाते.