नगरमार्गावरील मोटारशर्यत : सार्वजनिक रस्ता आणि लोकनिर्णय

प्रस्तावना :
मोटारशर्यती सामान्यतः दोन प्रकारच्या मार्गांवर होतात. पहिला प्रकार शर्यतीसाठीच बांधलेल्या कायम मार्गाचा. ग्रेटर नोएडा येथील बुद्ध सर्किटवर 2011 ते 2013 या काळात फॉर्म्युला वन शर्यती झाल्या, ते सर्किट याच प्रकारचे होय. दुसरा प्रकार नगरमार्गाचा. यात शहरातील नित्य वापराचे रस्ते काही काळ बंद करून त्यांवर शर्यत घेतली जाते. मोनॅको येथे अशी शर्यत प्रथम 1929 मध्ये झाली. प्रस्तुत लेखात हैदराबादच्या उदाहरणाद्वारे या प्रकाराचे स्वरूप व त्यातून निर्माण होणारा सार्वजनिक प्रश्न यांचा विचार केला आहे.

नगरमार्गाचे स्वरूप :
कायम सर्किटवर कडेला मोकळी जागा असते. मार्ग सुटलेले वाहन तेथे थांबू शकते. नगरमार्गावर अशी जागा अपुरी असते. म्हणून दुतर्फा काँक्रीटचे कठडे व संरक्षक जाळ्या उभारतात. 2014 मध्ये बीजिंग येथून सुरू झालेल्या फॉर्म्युला ई या विजेरी मोटारींच्या स्पर्धेने हाच प्रकार प्रामुख्याने स्वीकारला. विजेरी मोटार धूर सोडत नाही व तिचा आवाजही कमी असतो. शिवाय वेग कमी करताना गतिज ऊर्जेचा काही भाग विजेच्या रूपाने बॅटरीत परत साठवता येतो. त्यामुळे वळणावळणाचा रस्ता तिला सोयीचा ठरतो.

हैदराबादचा अनुभव :
भारतातील पहिली फॉर्म्युला ई शर्यत 11 फेब्रुवारी 2023 रोजी हुसेनसागर तलावाच्या परिसरात झाली. सुमारे 2.8 किलोमीटरच्या या मार्गावर 18 वळणे होती. फ्रान्सचा जाँ-एरिक व्हर्न विजयी झाला. मुंबईच्या महिंद्रा समूहाचा संघही या शर्यतीत होता. मात्र त्यासाठी वर्दळीचे रस्ते बंद ठेवून वाहतूक वळवावी लागली. राज्यात सत्तांतर झाल्यानंतर जानेवारी 2024 मध्ये पुढील शर्यत रद्द झाली. डिसेंबर 2024 मध्ये आयोजनासाठी दिलेल्या रकमांबाबत लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हा नोंदवला. शर्यत एका शासनाने आणली, दुसऱ्याने थांबवली. रस्ता रोज वापरणारा नागरिक दोन्ही निर्णयांपासून दूरच राहिला.

हिवरे बाजारचा संदर्भ :
रस्त्याप्रमाणे पाणी हीदेखील सामाईक संपत्ती आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने तिच्या वापराचा निर्णय ग्रामसभेकडे सोपवला. तेथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडला जातो आणि त्यानुसार पिके ठरतात. शेतीसाठी कूपनलिका घेण्यास गावाने स्वतःवर बंदी घातली. हे बंधन टिकले, कारण ते पाळणाऱ्यांनीच ते ठरवले होते. गाव आणि महानगर यांच्या आकारमानात मोठे अंतर आहे. तथापि हिशेब आधी व निर्णय नंतर हा क्रम महानगरासही अशक्य नाही.

समारोप :
नगरमार्गावरील शर्यत मुळात त्याज्य नाही. तिच्यातून तंत्रज्ञानाची ओळख होते, शहराचे नावही होते. परंतु रस्ता किती दिवस बंद राहील, खर्च किती व तो कोण करील, रुग्णवाहिकेला वाट कोणती, या बाबी प्रभागसभांपुढे आधीच मांडल्या जाव्यात. तसे न झाल्यास सार्वजनिक रस्त्यावर जनता केवळ प्रेक्षक उरते.