गृध्रसी : शस्त्रकर्माचा निर्णय आणि वैद्याचे कर्तव्य

वातव्याधींमध्ये गृध्रसीइतका रुग्णास हतबल करणारा व्याधी क्वचितच आढळतो. स्फिक् प्रदेशापासून सुरू होऊन कटी, ऊरू, जानू, जंघा व पादापर्यंत क्रमाने उतरणाऱ्या या वेदनेचे चरकसंहितेतील वर्णन आजही प्रत्येक रुग्णात पडताळून पाहता येते. मात्र आजचा रुग्ण बहुधा एम.आर.आय.चा अहवाल घेऊनच येतो आणि विचारतो, "डॉक्टर, ऑपरेशन टळेल का?" या प्रश्नाला सरसकट होकार देणे सोपे आहे, शास्त्रसंमत उत्तर देण्यास मात्र परीक्षण लागते.

अहवाल आणि रुग्ण

चकती सरकल्याचे अहवालात दिसले म्हणजे शस्त्रकर्म अटळ ठरले, असे नाही. १९९४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींचे एम.आर.आय. तपासण्यात आले, त्यांपैकी ५२ टक्के व्यक्तींमध्ये किमान एका ठिकाणी चकती फुगलेली आढळली. म्हणून अहवालातील स्थान, वेदनेचा मार्ग आणि प्रत्यक्ष परीक्षण या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच निष्कर्ष काढावा. सक्थि-उत्क्षेप परीक्षेबरोबर रुग्णास टाचांवर व चवड्यांवर चालावयास सांगावे, अंगठ्याचे बळ आणि घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया पाहावी. यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

विलंब नको अशी लक्षणे

मूत्र अडणे किंवा नकळत होणे, मलप्रवृत्तीवरील ताबा जाणे, गुदाभोवती व मांड्यांच्या आतील बाजूस बधिरता येणे, दोन्ही पायांत वेदना व दौर्बल्य येणे. यांपैकी काहीही आढळल्यास रुग्ण त्याच दिवशी शल्यविशारदाकडे पाठवावा. येथे बस्तीचा विचार करीत बसणे म्हणजे रुग्णाचे कायमचे नुकसान करणे होय. पायाचे बळ उत्तरोत्तर घटत असल्यासही दिरंगाई नको. ज्वर, भारक्षय किंवा कर्करोगाचा पूर्वेतिहास असल्यास आधी त्याचा शोध घ्यावा.

आमच्याकडे ऊस शेती करणारे ४८ वर्षांचे एक गृहस्थ तीन आठवड्यांच्या वेदनेसाठी आले. वेदना थोडी उतरली होती, म्हणून घरचे समाधानी होते. परंतु उजव्या पायातील चप्पल चालताना निसटते, असे त्यांच्या पत्नीने सहज सांगितले. टाचेवर चालण्यास सांगताच पाऊल उचलेना. आम्ही शस्त्रकर्माचा सल्ला दिला तेव्हा मुलगा म्हणाला, "तुमच्याकडे आशेने आणले आणि तुम्हीच ऑपरेशनला पाठवता!" वेदना कमी होणे आणि नाडी वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही त्यास समजावले. शस्त्रकर्म झाले, पावलाचे बळ परत येण्यास मात्र काही महिने लागले. पुढील बल्य चिकित्सेसाठी ते आमच्याकडेच आले.

थांबण्याचा काळ

वरील लक्षणे नसतील तर थांबण्यास आधार आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील अभ्यासात ६ ते १२ आठवडे तीव्र वेदना असलेले २८३ रुग्ण होते. लवकर शस्त्रकर्म केलेल्या गटास आराम लवकर पडला. परंतु वर्षअखेर दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झाल्याचे सांगत होते. थांबलेल्या गटातील ३९ टक्के रुग्णांना पुढे शस्त्रकर्म करावे लागले, हेही रुग्णापासून लपवू नये. तसेच चार महिन्यांहून अधिक काळ वेदना टिकलेल्या रुग्णांत शस्त्रकर्म सरस ठरल्याचे २०२० च्या कॅनडातील अभ्यासात दिसले. अर्थात थांबण्यासही मर्यादा असावी.

या काळात वातज व वातकफज हा भेद काटेकोर पाहावा. तंद्रा, गौरव, अरुची असताना प्रथमच स्नेहनाचा आग्रह धरू नये. दीपन-पाचन व रूक्ष स्वेद आधी योजावा. त्यानंतर एरंडस्नेह, रास्नासप्तक क्वाथ, त्रयोदशांग गुग्गुळ आणि एरंडमूलादि निरूह यांची योजना बलाबल पाहून करावी. सिरावेध व अग्निकर्मापूर्वी मधुमेह आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांची चौकशी अवश्य करावी. बळाचे परीक्षण दर आठवड्यास करून नोंदवावे.

औषधविक्रेत्या बंधूंचाही यात वाटा आहे. तेच तेल व तोच गुग्गुळ वारंवार नेणाऱ्या ग्राहकास पायाचे बळ, बधिरता व मूत्रप्रवृत्ती यांविषयी तीन प्रश्न विचारावेत. तत्काळ गुण देणारी, घटकांचा उल्लेख नसलेली चूर्णे दुकानात ठेवूच नयेत. अशा चूर्णांत स्टेरॉइडची भेसळ असू शकते. शस्त्रकर्म ठरल्यास रुग्णाने चालू औषधांची संपूर्ण यादी शल्यविशारदास द्यावी.

शल्यतंत्र हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकीच एक आहे. पक्व गुल्माच्या चिकित्सेत साक्षात चरकाचार्यांनी धान्वंतर संप्रदायाचा अधिकार मान्य केला आहे. योग्य वेळी रुग्ण दुसऱ्याच्या हाती सोपविणे हा आपल्या शास्त्राचा पराभव नसून त्याचीच आज्ञा आहे.