महापुराशी जगताना (लेखांक ४) : आवराआवर ३९ फुटांवरच

पंचगंगेचे पाणी चढू लागले की घरातली आवराआवर कधी सुरू करायची? नदीकाठची बरीच घरे हे भिंतीवरच्या जुन्या खुणेवरून ठरवतात. २००५ च्या पुरात पाणी पायरीला लागले होते, म्हणजे त्याच्यावर यायचे नाही, असा तो हिशेब. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी ५५ फुटांच्या वर गेली आणि २००५ च्या खुणा पाण्याखाली गेल्या. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, नदीने पुन्हा ५५ फूट ओलांडले. पूर कुठवर आला होता एवढेच जुनी खूण सांगते. कुठवर येईल हे तिला ठाऊक नसते. तयारी बांधायची ती बंधाऱ्यावरच्या आकड्याशी.

तिथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. हा आकडा घरासाठी उपयोगी पडतो, कारण इथला पूर दूरवरून येतो. गगनबावडा-राधानगरी भागात कोसळलेला पाऊस उपनद्यांतून प्रयाग चिखलीच्या संगमावर जमतो. राधानगरी धरण भरले की स्वयंचलित दरवाजे उघडून भोगावतीत पाणी सुटते. पुढे नृसिंहवाडीच्या संगमावर कृष्णाच फुगलेली असेल, तर पंचगंगेचे पाणी मागे तुंबते. म्हणून इथे पूर चढण्याआधी चाहूल लागते आणि तो ओसरायला मात्र दिवसचे दिवस लागतात. २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला आणि उपसा केंद्रे बुडाल्याने नळ कोरडे पडले. पाणी घरात न शिरलेल्यांचेही हाल झाले. तेव्हा आठवडाभराची औषधे, पिण्याचे पाणी आणि कोरडा शिधा उंचावरच्या घरातही हवा. सखल भागात ३९ फूट होताच सातबारा, शिधापत्रिका, पासबुके प्लॅस्टिकमध्ये बांधावीत, धान्य माळ्यावर चढवावे, म्हातारी माणसे आणि जनावरे आधी हलवावीत. निघताना वीज मेन स्विचपासून बंद करावी आणि सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवावा.

यावर पहिला आक्षेप असा, की नदी अनेकदा ३९ फूट गाठून माघारी फिरते; दरवेळी कोण सामान हलवणार? खरे आहे. पण फुकट गेलेली एक फेरी आणि भिजलेला संसार यांची तुलना केली, तर फेरी स्वस्तच पडते. शिवाय २०२१ मध्ये पाणी फार झपाट्याने चढले. ४३ फुटांची वाट पाहणाऱ्याच्या हाती थोडेच तास उरतात. दुसरा आक्षेप चोरीचा आणि गोठ्याचा. माणसे मागे थांबतात ती याच काळजीने, आणि मग त्यांना पुराच्या धारेतून बोटीने काढावे लागते. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी बोट उलटून जीव गेले, तेही असेच बाहेर पडताना. गल्लीतल्या चार घरांनी पाळीपाळीने राखण करणारे आणि जनावरांची सोय पाहणारे आधीच ठरवले, तर हा अडसर बराच सुटतो. तिसरा आक्षेप असा, की पूर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याने येतो आणि तो रोखणे ही सरकारची जबाबदारी. तो वाद नेटाने लढायलाच हवा. पण त्याचा निकाल लागेपर्यंत नदी थांबणार नाही.

भाड्याच्या एका खोलीत माळा कुठून आणणार, हा प्रश्न मात्र रास्त आहे. तिथे सामानापेक्षा माणसे आणि कागदपत्रे महत्त्वाची, आणि निवारा कुठल्या शाळेत हे जूनमध्येच विचारून ठेवावे. प्रत्येक घराने याच आठवड्यात दोन गोष्टी ठरवून टाकाव्यात : ३९ फुटांवर कोणी काय उचलायचे आणि कोणाकडे जायचे.